बार्शीची भिकबाळी

"भिकबाळी माहेरची का गं?"

हुपरीकरकाकूंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि गणपतीच्या कानाशी एवढ्या वाकल्या, की कुणाला वाटावं नवस बोलतायत. ऋषिपंचमीची सकाळ होती. काकू समोरच्या घरात राहायच्या, आणि दर्शनाला गेल्या की त्या घरातलं मखर, मोदक आणि सून या तिन्हींचा अंदाज घेऊन यायच्या. त्या वर्षी आमच्या घरात सून नवीन होती. ती मी.

"पाचूची दिसते," काकू म्हणाल्या. "वर सोन्याचे बारीक मणी. नाजूक काम आहे हो."

खरं तर भिकबाळी कानाच्या वरच्या पाळीत घालतात आणि ही खालच्या टोकाला लोंबत होती. पण बार्शीकडे तशी घालत असतील, एवढी सवलत काकूंनी मनातल्या मनात देऊन टाकली असावी. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "हो, बार्शीचीच आहे. त्यांचे एक जुने सोनार आहेत."

हे जुने सोनार मला अगदी नवे होते.

काकू प्रसाद घेऊन गेल्या. सासूबाईंनी दार लोटलं, माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, की न सांगता घातलीस, गाजावाजा केला नाहीस, हे मला फार आवडलं. लग्नाला चार महिने झाले होते. त्या एवढं सलग आणि एवढं गोड पहिल्यांदाच बोलत होत्या. मग त्यांनी पुढचं सांगितलं. "संध्याकाळी विसर्जनाआधी आठवणीनं काढून ठेव हो. शेवाळ्यांची सोन्याची दुर्वा गेली होती कृष्णेत." आणि वाटल्या डाळीची तयारी करायला आत निघून गेल्या.

मी गणपतीसमोर उभी राहिले. ती भिकबाळी नव्हती. तो फुलपाखराचा कोश होता. आत अळी होती. म्हणजे त्या घटकेला अळी होती की फुलपाखरू, हे कुणालाच सांगता आलं नसतं, बहुधा तिलाही.

झालं होतं ते असं. चतुर्थीला चावडी चौकातून पत्रीची जुडी आणलेली. तीत रुईची पानं होती, आणि रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक अळी राहते. आमच्याकडे पूजा सांगायला गुरुजी नव्हते, कॅसेट होती. कॅसेटमधले गुरुजी एकेका पत्रीचं नाव घेत भराभर पुढे जात. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पानं ओळखायला वेळ लागायचा, म्हणून नणंद मंजिरी टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसायची. या धांदलीत रुईच्या पानाखाली कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. पान वाहिलं गेलं. अळीचं चरून संपलं असावं. ती सोंडेवरून गंडस्थळावर, तिथून कानावर गेली. संध्याकाळच्या आरतीला मला ती दिसली, कानाच्या कडेला उलटी टांगलेली, मान वर वळवून आकड्यासारखी. आरती संपताना सगळ्यांनी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. मी फिरायची राहिले. सकाळी उठून पाहते, तर अळीनं कातडं टाकलेलं, आणि तिथे हिरवागार, सोनेरी ठिपक्यांची ओळ असलेला दागिना लटकतोय.

हे मला कसं माहीत, तर बार्शीला आमच्या घरामागे गोदामाची पडकी भिंत होती आणि भिंतीला लागून रुईचं झुडूप. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तिथे असायचे. मी काही पकडायचे नाही, बरणीत भरायचे नाही, वहीत लिहायचे नाही. नुसती बघायचे. बी.कॉम. झाल्यावरही बघायचे, आणि तिथेच आईच्या काळजीला सुरुवात झाली. लहान मुलगी मुंग्यांकडे बघत बसली तर लोक कौतुक करतात. लग्नाची मुलगी बसली तर तिला काहीतरी आहे म्हणतात. एका स्थळाचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम चालू असताना एक मुंगी शेंगदाण्याचा तुकडा घेऊन टीपॉयच्या पायावरून उतरत होती. तुकडा तिच्यापेक्षा मोठा होता. मुलाच्या मामांनी मला काय विचारलं ते मला आजही माहीत नाही. त्यांनी मात्र मध्यस्थांकडे विचारणा केली, की मुलीला अधूनमधून असं होतं का.

म्हणून कऱ्हाडच्या मोकाशांकडे माझं ठरलं, तेव्हा आईनं निघताना दोनच गोष्टी सांगितल्या. सासूला उलट बोलू नकोस, आणि निदान वर्षभर कुठल्या भिंतीकडे टक लावून बसू नकोस. मी दोन्ही पाळत होते. न्हाणीघरात एक कुंभारमाशी मातीचं घर बांधत होती. तिच्याकडेसुद्धा मी चार महिने नव्या सुनेसारखी खाली मान घालूनच पाहिलं.

आता या घरात मी कोण आहे हे संध्याकाळपर्यंत ठरणार होतं. कोश ओढून काढला असता तर बार्शीची भिकबाळी शाबूत राहिली असती, सासूबाईंचा शब्दही. पण तो कोवळा होता, बोट लागलं तरी फुटला असता. कुणी दोऱ्यानं बांधून दुसरीकडे टांगतात म्हणे. मला ते येत नव्हतं. आणि दुसरं असं, की बार्शीला मी कितीतरी कोश पाहिले, पण त्यातून बाहेर येताना एकही पाहिलं नव्हतं. दर वेळी माझ्याआधी पाल पोचायची, नाहीतर आईचा झाडू.

मी गच्चीवर गेले. शिरीष, म्हणजे माझा नवरा, पेपर वाचत होता.

"ती भिकबाळी नाहीये," मी म्हटलं. "कोश आहे. फुलपाखराचा."

त्यानं पेपर खाली घेतला. बँकेत नोकरी असल्यामुळे तो कुठलीही गोष्ट आधी योग्य टेबलाकडे पाठवायचा. "आईला सांग."

"तू सांग ना. तुझी आई आहे."

"कोश तुझा आहे," तो म्हणाला, आणि पेपर पुन्हा वर घेतला. पेपरामागून थोड्या वेळानं विचारलं, "कुठल्या रंगाचं निघेल?"

उतरत्या दुपारी सगळे गणपतीसमोर जमले. मंजिरीनं कॅसेटची दुसरी बाजू लावून ठेवली होती. त्या बाजूला उत्तरपूजा होती. सासूबाई आतून कापूस घातलेली चांदीची डबी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे हात केला. "दे काढून."

"आई, ती निघणार नाही."

"चिकटवलीस की काय?"

"मी नाही. तिनं स्वतःच."

मग मी सगळं सांगितलं. विचारलं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं; रुईचं पान आणि अळी तर आलीच, पण बार्शीची भिंत, शेंगदाणा, मुलाचे मामा, आईनं घातलेली वर्षाची अट, तीही सांगून टाकली. एकदा धरण फुटलं की कालव्याची वाट कोण बघतं. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. माझं बोलून झालं तसे ते पंचांग वाचायचं भिंग घेऊन उठले आणि कानाची स्थळपाहणी केली.

"आत हलतंय," त्यांनी जाहीर केलं.

मंजिरीनं त्यांच्या हातातून भिंग घेतलं. शिरीषनं तिच्या हातातून. डबी हातात धरून सासूबाई तिथेच उभ्या होत्या.

"म्हणजे सोनं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि जिवंत आहे."

"हो."

"आणि हुपरीकरीणबाईंना मी सोनार सांगितला."

मला वाटलं, आता बार्शीला फोन जाणार. पण आधी बैठक भरली. शिरीषचं म्हणणं, दाढीच्या ब्लेडनं हलकेच सोडवू. नाना म्हणाले, कानाचा टवका निघाला तर मूर्ती खंडित, मग त्याचं प्रायश्चित्त शोधावं लागेल. मंजिरीनं सुचवलं की दीडाऐवजी दहा दिवस ठेवू, त्यात काय एवढं. त्यात बरंच काही होतं. एकदा दहा दिवसांचा केला की दरवर्षी दहा दिवसांचा करावा लागतो, आणि दहा दिवस दोन वेळचा नैवेद्य कोण करणार, हे सासूबाईंनी मंजिरीकडे बघत विचारलं. मंजिरीनं आपली सूचना मागे घेतली. शास्त्र काय म्हणतं, असं नानांनी टेपरेकॉर्डरकडे पाहत विचारलं. कॅसेटला शंका विचारता येत नाही, ही त्या सोयीतली एकच उणीव.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. आम्ही चौघं गणपतीसमोर, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मंजू, कॅसेट लाव," त्या म्हणाल्या. "उत्तरपूजा आत्ता होईल. देव दीड दिवसानं जातील, दरवर्षी जातात तसे. मूर्ती जाईल तेव्हा जाईल. पण अनंत चतुर्दशीच्या पुढे नाही. पुढे पितृपंधरवडा, तेव्हा मी कुणाचं ऐकणार नाही."

"आपली मूर्ती नदीवर दिसली नाही तर लोक विचारतील," नाना म्हणाले.

"भिकबाळी मी सांगितली, पुढचंही मीच सांगेन. तुमचा पाय मुरगळलाय."

"माझा? कधी?"

"आत्ता."

उत्तरपूजा झाली. अक्षता वाहून नानांनी मूर्ती जराशी हलवली, तेव्हा आम्ही सगळे कोशाकडे बघत होतो, तो हलतो का म्हणून. मग शिरीषनं मूर्ती उचलून मागच्या खोलीत शिलाई मशीनवर ठेवली. देव गेले होते, म्हणून तिथे फूल नाही, उदबत्ती नाही. नदीकडून ताशांचा आवाज येत होता आणि आम्ही घरात बसून वाटली डाळ खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून नाना लंगडू लागले. त्यांनी ते काम मनापासून केलं, फक्त पाय कुठला हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. सकाळी डावा दुखायचा, पोस्टमन आला की उजवा. हुपरीकरकाकूंनी आपल्या मुलांबरोबर मूर्ती पाठवायची तयारी दाखवली, तर सासूबाईंनी सांगितलं की आमच्याकडे कर्त्या पुरुषानंच न्यायची पद्धत आहे. ही पद्धत त्या सोनाराएवढीच जुनी होती.

पाय मुरगळल्यामुळे नानांचं नदीकाठचं फिरणं बंद झालं, आणि त्यामुळे फिरणारी मंडळी चौकशीला घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी निवृत्त नायब तहसीलदार शेडगे आले. नानांच्यानं राहवेना. त्यांनी शेडग्यांना शपथ घालून मागच्या खोलीत नेलं, भिंग दिलं. शेडग्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, "बाहेर आल्यावर जाणार कुठे हे?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जवळपास रुई असेल तिथे. शेडगे मान हलवून गेले आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्याही पायाची चौकशी न करता सांगून गेले, की जुन्या जकातनाक्यामागे रुई भरपूर आहे, मी जाऊन पाहून आलो. त्यानंतर फिरणाऱ्या मंडळींना नानांच्या पायाबद्दल फारच कळकळ वाटू लागली. रोज दोघं-तिघं यायची, चपला बाहेर काढून खोलीत जायची, हळू आवाजात बोलायची आणि चहा घेऊन परतायची.

आणि मी बघत होते. पहिले दोन दिवस चोरून, काहीतरी शिवायचं निमित्त करून. मशीनवर गणपती असताना मी काय शिवणार होते ते कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मंजिरीनं माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं. चौथ्या दिवशी शिरीषनं खोलीतला साठचा बल्ब काढून चाळीसचा लावला, याला उकडत असेल म्हणून. कुणाला त्यातलं काही कळत होतं असं नाही. शिरीष शेवटपर्यंत त्याला पतंग म्हणत होता. पण सकाळी चहा देताना नाना विचारायचे, "काय म्हणतंय?" जसं कुणी शेजारच्या आजारी माणसाबद्दल विचारतं. मी सांगायचे की काही नाही, कालच्यासारखंच. ते समाधानानं मान डोलवायचे. रोज तेच उत्तर ऐकूनही ज्याचा चेहरा पडत नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सासूबाई खोलीत येत नसत. मला त्या किड्याचं काही नाही, माझं मूर्तीकडे लक्ष आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मूर्तीकडे त्या दारातूनच लक्ष देत. खिडकीच्या फटीत मात्र कुणीतरी जुन्या साडीचे बोळे घट्ट कोंबले होते, पाल येऊ नये म्हणून. साडी त्यांची होती.

अनंत चतुर्दशी उद्यावर आली आणि कोश होता तसाच. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. सासूबाईंनी शब्द दिला होता आणि मुदतही, आणि त्या दोन्ही पाळणाऱ्या होत्या. त्या दुपारी हुपरीकरकाकू पुरणाच्या पोळ्या घेऊन आल्या. पोळ्या स्वयंपाकघरात न ठेवता सरळ मागच्या खोलीत शिरल्या. त्यांना कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. आख्खी पेठ चपला काढून जाऊन आली होती. काकूंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"अहो कुमुदिनीताई," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या बार्शीच्या सोनाराचा माल काळा पडायला लागलाय की."

"पडतो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जुनं सोनं आहे."

"घासून बघायचं का?"

"नको. सूनबाईला विचारावं लागेल."

दोघींपैकी एकीनंही हसू येऊ दिलं नाही. काकू गेल्यावर मी धावत जाऊन पाहिलं. खरंच, हिरवा रंग विरून आत काहीतरी काळपट-नारिंगी दिसायला लागलं होतं. पंखाची घडी. मी सगळ्यांना सांगितलं, की बहुतेक उद्या सकाळी.

सकाळी उठल्याबरोबर मी स्टुलावर जाऊन बसले. चहा मंजिरीनं आणून दिला. कोशातून पंखावरचे पांढरे ठिपकेसुद्धा मोजता आले असते. मी पापणी लववत नव्हते. आणि फोन वाजला.

"वहिनी, बार्शीहून," मंजिरी पुढच्या खोलीतून म्हणाली.

आईचा फोन टाळायची सोय नव्हती; ती पुन्हा करते, आणि दुसऱ्यांदा रडत करते. मी सासूबाईंना म्हटलं, जरा लक्ष ठेवता का, मी आलेच. त्यांचे हात भिजवलेल्या कणकेचे होते. त्यांनी मूर्तीकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं.

आईनं सगळी चौकशी केली. तब्येत, जेवणखाण, गणपती नीट पार पडले का. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि ते तुझं? कुठे भिंतीबिंतीकडे बघत बसत नाहीस ना?"

"भिंतीकडे नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"सासूबाई काही म्हणाल्या का तुला?"

"नाही गं."

"बघ हो. माणसं चांगली मिळाली आहेत, त्यांना आत्ताच काही दाखवू नकोस."

मी हो म्हणून फोन ठेवला आणि पळत मागे आले.

सासूबाई स्टुलावर बसल्या नव्हत्या. मशीनसमोर खाली पाटावर बसल्या होत्या, मान वर, कणकेचे दोन्ही हात हवेत धरलेले. गणपतीच्या कानाला रिकामं, पारदर्शक टरफल लोंबत होतं, आणि त्याला पायांनी धरून एक ओलं, नारिंगी फुलपाखरू.

"आलं?" मी विचारलं.

"आलं."

"तुम्ही मला हाक नाही मारलीत?"

"हाक मारायला मान वळवावी लागली असती," सासूबाई म्हणाल्या. मान त्यांनी आताही वळवली नाही.

मी दारातच उभी राहिले. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट होऊन गेली होती, आणि मी त्या वेळी आईला सांगत होते की मी असलं काही करत नाही. मला रडू यायला हवं होतं. मी विचारलं, "कसं आलं?"

"आधी खाली चीर पडली," त्या म्हणाल्या, आणि कणकेची बोटं अलगद उघडून दाखवली. "मग पाय आले. मग सगळं एकदम घसरलं. मला वाटलं, गेलं. पण नाही गं, धरून राहिलं. पंख एवढेसे होते, ओल्या चिंधीसारखे. मी म्हटलं, एवढ्याशा पंखांनी हे कुठे उडणार. आणि बघता बघता भरत गेले. खालपर्यंत. आपण बघत असतो तरी कळत नाही कधी मोठे झाले."

हे असं आजवर मीच दुसऱ्यांना सांगत आले होते, आणि ऐकणारे घड्याळाकडे बघायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बोलत होत्या आणि मला सगळं दिसत होतं, चीर, पाय, घसरणं. त्यांनी पाट थोडा सरकवला. मी अर्ध्या पाटावर बसले.

फुलपाखरानं पंख एकदा उघडून मिटले.

"याला खायला तोंड कुठे असतं गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले, की सोंड असते, आत्ता ती दोन पात्यांची आहे, थांबा, जोडून गुंडाळेल बघा. बाहेर नानांनी चहाचं विचारलं, मग पोळ्यांचं, मग मूर्ती किती वाजता न्यायची ते.

"थांबा जरा," मंजिरीनं त्यांना सांगितलं. "बघतायत दोघी."